खुंटीवरचा पट्टा

सेतुमाधवरावांच्या हातचं उडदाच्या पिठाचं डांगर खाल्लं नाही, तर मद्रासला येऊन केलंत काय, असं मी साताऱ्याहून येणाऱ्या पाहुण्यांना तोंडावर विचारायची. पाहुणे बिचारे समुद्र बघायला आलेले, ते माझ्याकडे बघतच राहायचे. आणि खरं सांगायचं तर ते डांगर मिळणंही सोपं नव्हतं. त्यासाठी मैलापुरात कुणाच्या तरी बापाचं नाहीतर आईचं श्राद्ध असावं लागे, कारण सेतुराव लग्नामुंजीचे आचारी नव्हते. ते श्राद्धाचा स्वयंपाक करायचे.

आम्ही मद्रासला आलो छप्पन साली. माझे यजमान रत्नाकर रेल्वेच्या ऑफिसात होते, त्यांची बदली झाली. मैलापूरच्या देवळामागच्या एका गल्लीत अनंतकृष्णराव म्हणून निवृत्त मास्तर राहायचे, त्यांच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला. खाली मध्यभागी उघडा चौक, चौकाच्या कडेनं मास्तरांच्या खोल्या, आणि मागच्या अंगाला विहिरीजवळ दोन खोल्यांत सेतुराव आणि त्यांची बायको कनकाक्का. सगळे तंजावरकडचे मराठी. यांचे खापरपणजोबा कधीकाळी देशावरून तिकडे गेले ते गेलेच. त्यांची मराठी ऐकून पहिले आठ दिवस मला वाटलं, ही माणसं माझी टिंगल करतायत. "अम्मा, नळास पाणी आलें कां?" असं सेतुराव जिन्याखालून विचारायचे, तेही तमिळ हेल काढून. मग कळलं, की ही त्यांची घरातलीच भाषा, आणि माझी साताऱ्याची मराठी ऐकून कनकाक्काही तोंडाला पदर लावून हसते. फिटंफाट झाली.

सेतुराव तेव्हा चव्वेचाळीस-पंचेचाळीसचे असतील. अंगानं काटकुळे, पण मनगटं लोखंडी. बाप लहानपणीच गेला, तेव्हा अप्पाजीराव नावाच्या नामांकित स्वयंपाक्यानं त्यांना हाताखाली घेतलं आणि चूल पेटवण्यापासून सगळं शिकवलं. अप्पाजी आता पासष्टीच्या पुढं गेले होते आणि तिथल्या सगळ्या श्राद्धाच्या स्वयंपाक्यांचे गुरू होते. त्यांचं नाव निघालं, की सेतुराव बसल्या जागी पाठ सरळ करायचे. बोलणं कमी. कुणी स्वयंपाकाची स्तुती केली, तर "सगळें अप्पाजींचें" एवढंच म्हणायचे आणि दुसरीकडे बघायचे. मला अशा माणसांचा राग येतो. अरे, चांगलं केलंय तर घ्या की नाव!

आपण ज्याला सोवळं म्हणतो, त्याला ही मंडळी मडी म्हणतात. आमच्या घरीही सोवळं होतं, पण या मडीपुढं ते म्हणजे पोरखेळ. पहाटे चारला विहिरीवर आंघोळ करायची, ओला पंचा नेसायचा, तो अंगावरच वाळायचा. अंगाला शिवलेला कपडा नाही, चामडं नाही, कुणाचा स्पर्श नाही. ब्राह्मण जेवून उठेपर्यंत पोटात पाण्याचा थेंब नाही. आणि त्यात तो स्वयंपाक! मिरचीच्या जागी मिरी, उडदाचे वडे, डांगर, दोन-तीन पच्चड्या, म्हणजे कोशिंबिरी, आणि पायस. पायस शिजायचं उरळीत. उरळी म्हणजे काशाचं पसरट, जाडजूड भांडं, रिकामंसुद्धा जड. भरलेली उरळी चुलीवरून उतरवायची तर दोन माणसं हवीत. सेतुराव एकटे उतरवायचे. मडीतला दुसरा माणूस दर घरात कुठून आणणार?

खोकला आला, की सेतुराव उजवा हात जांघेवर दाबून धरत. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण परक्या पुरुषाला त्याबद्दल विचारणार कोण? शेवटी अठ्ठावन्न सालच्या ज्येष्ठात एका रविवारी त्यांनी रत्नाकरांना विहिरीमागं नेलं आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. रत्नाकर वर आले आणि पाच मिनिटांत सगळं मला सांगून मोकळे झाले. नवऱ्यांच्या पोटात काही राहत नाही, हे एका परीनं बरंच असतं.

अकरा वर्षं या माणसाच्या जांघेत एक फुगवटा येत होता. पहिल्यांदा लिंबाएवढा होता, आता मोसंब्याएवढा. उभं राहिलं, वजन उचललं, की बाहेर यायचा, आडवं झालं की आत जायचा. अकरा वर्षांत डॉक्टरला दाखवलं नाही, बायकोशी त्यावर एक शब्द नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! मी रत्नाकरांना म्हटलं, "उद्याच्या उद्या घेऊन जा, नाहीतर मी नेईन." मी नेईन म्हटल्यावर सेतुराव घाबरून तयार झाले.

सरकारी दवाखान्यात कृष्णस्वामी म्हणून सर्जन होते. त्यांनी तपासलं आणि कागदावर चित्र काढून समजावलं, तो कागद रत्नाकरांनी मला आणून दाखवला. हा अंतर्गळ, हर्निया. पोटाची भिंत एका जागी विरली आहे, तिथून आतड्याचा वेढा बाहेर डोकावतो. आज तो आत जातोय, म्हणून काही वाटत नाही. पण एखाद्या दिवशी जोर करताना जास्त आतडं बाहेर येईल आणि त्या अरुंद तोंडाशी आवळलं जाईल. मग अन्न पुढं सरकणार नाही आणि आतड्याला रक्तही पोचणार नाही. आतडं तुंबायला कारणं पुष्कळ असतात, डॉक्टर म्हणाले. पोरांमध्ये जंतांचा गोळा अडकतो, म्हाताऱ्यांच्या आतड्याला पीळ बसतो, जुन्या ऑपरेशनच्या जागी आतडी चिकटतात. त्यातली बरीचशी आधी दिसत नाहीत. तुमचं दिसतंय. आज ऑपरेशन केलं तर साधं काम आहे, आठ-दहा दिवसांत घरी.

आणि मग त्यांनी बजावून सांगितलं. फुगवटा कडक झाला, आत जाईना, पोटात कळा येऊ लागल्या, पोट फुगलं, उलट्या झाल्या, शौचाला होईना आणि वाराही सरेना, तर एक तासही घालवू नका. दाबून आत ढकलायचं नाही. जुलाबाचं औषध द्यायचं नाही. तोंडानं काहीच द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. उचलायचं आणि इथं आणायचं.

सेतुराव काय म्हणाले असतील? "पक्ष होऊन जाऊं दे." भाद्रपदातला पितृपक्ष म्हणजे या लोकांचे सुगीचे दिवस, पंधरा दिवस रोज नवं घर. पण ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत तीन महिने होते की! तर आषाढात कुणाचं तरी वर्षश्राद्ध, श्रावणात आणखी कुणाचं. डॉक्टर हरले. म्हणाले, "तोपर्यंत निदान पट्टा तरी लावा. त्यानं बरं होत नाही, फक्त आतडं आत थोपून राहतं. पहाटे उठायच्या आधी, आडवं असतानाच लावायचा. वजन उचलताना तर हवाच हवा."

तो पट्टा आणायला मी स्वतः रत्नाकरांबरोबर माउंट रोडवर गेले. चामड्याचा पट्टा, आत पोलादी स्प्रिंग, जांघेवर यायला चामड्याचीच गादी. मी तो पिशवीत घालून अशा थाटात आणला, जशी काही लढाई जिंकून आले. जीव भांड्यात पडला माझा. आणि तिथंच मी चुकले. पट्टा आला, त्याबरोबर ऑपरेशनचा विषय सगळ्यांच्याच डोक्यातून गेला. रोज दुपारी सेतुराव कामावरून परत आले, की मी जिन्यावरून विचारायची, "लावता ना?" ते मान खाली घालून म्हणायचे, "लावतों कीं, अम्मा." आणि ते खरं होतं. खोटं बोलणारा माणूसच नव्हता तो.

पितृपक्षात मास्तरांच्या वडिलांची तिथी नवमीला होती. म्हणजे त्या दिवशी स्वयंपाक आमच्याच घरात, खालच्या चौकात. सेतुरावांची लागोपाठ नववी सकाळ. त्यांना त्या आठवड्यात खोकलाही झाला होता, पहाटे विहिरीवर आंघोळ करतानाचा तो खोकला मला वर ऐकू आला. मी मडीत नाही, त्यामुळं मला खाली चुलीच्या आसपास फिरकायलाही बंदी. मी वरच्या कठड्याशी उभी राहून तांदूळ निवडत होते आणि खाली बघत होते.

साडेआठच्या सुमाराला त्यांनी पायसाची उरळी उचलली. दोन पावलं टाकली आणि थांबले. उरळी खाली ठेवली, तीही न सांडता, आणि चुलीशेजारच्या खांबाला डोकं टेकलं.

"काय झालं हो सेतुराव?" मी वरून ओरडले.

त्यांनी माझ्याकडे न बघता हात हलवला. काही नाही, जा. मग बसले आणि वडे थापायला लागले. मी बघत राहिले. दर पाच-सात मिनिटांनी त्यांचा हात थांबायचा, डोळे मिटायचे, पाठीतून वाकायचे, आणि मग पुन्हा वडा थापायचे. कळ येत होती, जात होती, परत येत होती. मी मास्तरांच्या पत्नीला हाक मारली, त्याही मडीत. त्या म्हणाल्या, "उपासानें पित्त झालें असेल." कनकाक्का त्या दिवशी मडीत नव्हती, ती मागं आपल्या खोलीत. मी तिला जाऊन सांगितलं, तिनं दारातून त्यांना खुणेनं विचारलं. त्यांनी तिलाही तोच हात हलवला. रत्नाकर ऑफिसात. मी काय करू? धावत जाऊन हात धरून उठवलं असतं, तर मडी मोडली असती, सगळा स्वयंपाक वाया गेला असता आणि मास्तरांच्या वडिलांचं श्राद्ध बुडालं असतं. आज मला वाटतं, बुडू द्यायचं होतं. तेव्हा माझी हिंमत झाली नाही, हे मी कबूल करते.

दीड वाजता पानं वाढली. सेतुरावांनी स्वतः वाढलं. ब्राह्मणांनी डांगर तीनदा मागितलं म्हणे. अडीचला ते तृप्त होऊन उठले, आणि सेतुराव विहिरीच्या कडेला जाऊन भडभडा ओकले.

मी जिना उतरून मागच्या खोलीत पोचले, तोवर कनकाक्कानं त्यांना चटईवर निजवलं होतं आणि वाटीत एरंडेल कोमट करून आणलं होतं. तिथल्या घराघरांत एरंडेलावर भारी विश्वास. डोकं दुखलं तरी एरंडेल, पोट दुखलं तर विचारूच नका. तिनं त्यांचं डोकं उचललं, वाटी ओठाशी नेली, आणि मी ती वाटी तिच्या हातातून हिसकावून घेतली. तेल सगळं चटईवर सांडलं.

"अगो, वेड लागलें काय तुला?" ती माझ्यावर ओरडली.

"हो, लागलंय. आधी सांगा, सकाळपासून शौचाला झालं? वारा सरला?"

कनकाक्का लाजेनं लाल झाली. नवऱ्यादेखत दुसऱ्या बाईनं असलं काही विचारायचं म्हणजे! पण सेतुरावांनी मान हलवली. नाही. त्यांचं पोट पंच्यावर वर आलेलं दिसत होतं, आणि हात जांघेवरच होता. "आंत जात नाहीं, अम्मा," ते म्हणाले. "सकाळपासून दाबतों आहे."

"अहो, पण पट्टा? पट्टा कुठाय?"

त्यांनी भिंतीकडे बघितलं. पट्टा खुंटीवर होता. नीट गुंडाळून, तेल लावून, अगदी नवा कोरा असल्यासारखा.

"मडींत चामडें कसें चालेल?" ते म्हणाले. मलाच काही कळत नाही, अशा स्वरात.

"म्हणजे स्वयंपाकाला जाताना तुम्ही तो काढून ठेवायचा?"

"मग? घरीं आल्यावर लावतों. निजतों तेव्हां पण सोडत नाहीं."

 अंगाचा तिळपापड झाला, रडूही आलं. तीन महिने हा माणूस दुपारी चटईवर पडून पोथी वाचताना पट्टा बांधून बसत होता, आणि पहाटे उरळी उचलायच्या वेळी काढून खुंटीला लावत होता. आणि मी रोज विचारत होते, लावता ना? कधी लावता, हे एकदाही विचारलं नाही. अक्कल गहाण टाकली होती मी. सोवळं काय असतं हे मला माहीत नव्हतं थोडंच? चामडं विटाळ, हे तर मी परकरात असल्यापासून ऐकत आले होते. पण माझ्या डोक्यात पट्टा म्हणजे औषध, आणि त्यांच्या डोक्यात पट्टा म्हणजे चामडं.

गल्लीच्या तोंडाशी जटका, म्हणजे तिकडचा टांगा, उभा होता, त्यात आम्ही दोघींनी त्यांना घातलं. घोडा चार पावलं टाकायचा आणि सेतुराव ओठ चावायचे. कनकाक्का त्यांचं डोकं मांडीवर घेऊन एकसारखी म्हणत होती, "मज का नाहीं सांगितलें? मज का नाहीं सांगितलें?" मग मध्येच माझ्याकडे वळून म्हणाली, "मी पाहिलें होतें, अलका. आठ वर्षें झालीं. सांगत नाहींत, तर विचारूं कसें?" दोघंही मूग गिळून एका खोलीत राहत होती. मला त्या जटक्यात दोघांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

दवाखान्यात डॉ. कृष्णस्वामी होते, हे आमचं नशीब. त्यांनी बोट लावलं मात्र, चेहरा बदलला. नाकातून नळी घालायला लावली, हाताला सलाईन जोडलं, आणि विचारलं, "हे कधीपासून?"

"अत्तां तासापूर्वीं," सेतुराव म्हणाले.

मी चकित झाले. हा माणूस खोटं बोलला! डॉक्टर म्हणाले, "नीट आठवून सांगा. तास-दोन तास झाले असतील तर गोष्ट वेगळी. जास्त झाले असतील, तर आतडं मेलेलं असू शकतं, आणि मग नुसतं आत ढकलून शिवलं तर माणूस जातो. मला त्या हिशेबानं तयारी करायची आहे."

"तासच झाला."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सकाळपासून, असं म्हटलं की आजारी अंगानं स्वयंपाक केला असं होणार. असल्या हातचं अन्न पितरांना चालत नाही. मास्तरांचं श्राद्ध फुकट गेलं असतं. हा माणूस मरायला टेकलेला असताना दुसऱ्याच्या बापाचं जेवण सांभाळत होता.

मी त्यांच्या कानाशी वाकले. "सेतुराव, मास्तरांचे वडील जेवले. तृप्त झाले. पिंड दिले, सगळं झालं, ते आता कुणी परत काढून घेणार नाही. ही कनकाक्का उपाशी उभी आहे. हिचं काय करायचं ते सांगा."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा बघितल्यासारखं बघितलं हो. "साडेआठ," ते म्हणाले. "उरळी उचलली तेव्हां."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. पावणेचार. ते तडक हात धुवायला गेले.

आत काय झालं ते डॉक्टरांनी नंतर सांगितलं. वीतभर आतडं काळं पडलं होतं. ते कापून काढलं, दोन्ही टोकं जोडली, पोटाची भिंत शिवली. आणखी थोडा वेळ गेला असता, तर ते फुटून पोटभर विष पसरलं असतं. त्या वाटीतलं एरंडेल पोटात गेलं असतं तर? मी विचारलंच. ते म्हणाले, "पुढं रस्ता बंद असताना मागून ढकललं, तर काय होईल?" कनकाक्का शेजारी होती. तिनं ऐकलं आणि माझा हात घट्ट धरला. तो तिनं संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

मग सुरू झालं वाट बघणं. तोंडानं काही नाही, नळीतून हिरवं पाणी बाहेर येतंय, सलाईन चाललंय. डॉक्टर रोज एकच विचारणार, वारा सरला का? जोडलेलं आतडं जागं झालं की पहिली खूण तीच. पहिला दिवस नाही, दुसरा नाही, तिसरा नाही. शेजारच्या खाटांवरची माणसंही विचारायला लागली. इकडं आमच्या गल्लीत मास्तरांच्या पत्नीनं नवस बोलला. कशासाठी, तर यासाठी! चौथ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन व्हरांड्यात शिरले, तर समोरून कनकाक्का पदर सावरत धावत येतेय. चार दिवसांपूर्वी तो शब्द ऐकून लाल झालेली बाई, दवाखान्याच्या व्हरांड्यात, नर्सेस, रोगी, वॉर्डबॉय सगळ्यांच्या देखत ओरडली, "अलका! वारा सरला गो ह्यांचा!" आणि मटकन खाली बसून रडायला लागली. मीही बसले तिच्याशेजारी. आम्ही दोघी हसत होतो आणि रडत होतो, आणि येणारी-जाणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती.

सेतुराव त्यानंतर पुष्कळ वर्षं स्वयंपाक करत होते. सहा महिने डॉक्टरांनी वजन उचलू दिलं नाही, तेवढे महिने ते बसून वडे थापायचे आणि दुसऱ्यांना शिकवायचे. पुढं कामाला लागले तेव्हा त्यांची एक अट असायची, उरळीला मडीतला दुसरा माणूस हवा, नाहीतर मी येत नाही. काही यजमान रागावले. सेतुराव म्हणायचे, "मग दुसरा पाहा." इतकं लांब वाक्य त्यांनी त्याआधी कुणा यजमानाला ऐकवलं नव्हतं.

पण मला सांगायचं आहे ते आठव्या दिवसाबद्दल. त्या दिवशी दुपारी अप्पाजीराव दवाखान्यात आले. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. उंच, ताठ, पांढरी शेंडी, खांद्यावर पंचा. दवाखान्यात पाऊल टाकायचं म्हणजे घरी गेल्यावर आंघोळ आलीच, तरी आले. सेतुरावांच्या खाटेपासून चार हातांवर उभे राहिले. सेतुराव उठून बसायला धडपडले. अप्पाजींनी हातानंच थांबवलं, थोडं बघितलं, आणि बाहेर व्हरांड्यात आले. मी तिथं बाकावर बसले होते.

"डॉक्टर काय म्हणतो?" त्यांनी मला विचारलं.

मी आधीच तापलेली. म्हटलं, यांनाच ऐकवायला हवं. पहिल्यापासून सगळं सांगितलं. आतडं कुठून बाहेर येतं, कसं आवळतं, पोट का फुगतं, ओकारी का होते, उशीर केला तर काय होतं. "आणि पट्टा खुंटीवर होता," मी म्हटलं. "चामड्याचा म्हणून. तुमच्या मडीसाठी." तुमच्या, या शब्दावर मी चांगला जोर दिला.

ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते भिंतीला हात लावून उभे राहिले.

"माझा थोरला भाऊ," ते म्हणाले. "सुब्बण्णा. त्यालाही हेंच होतें. नदीवर आंघोळ करतां मी पाहिलें होतें. आम्ही कुंभकोणास होतों तेव्हां. पक्षांत, श्राद्धाच्या घरीं, त्याचें पोट फुगलें. ओकला. दुसऱ्या दिवशीं संपला." मग म्हणाले, "सगळे म्हणाले, मडींत काहीं चूक झाली, पितर कोपले. मलाही तसेंच वाटलें. तीस वर्षें मी माझ्या हाताखालीं आला त्या प्रत्येकास तेंच सांगितलें. सुब्बण्णाचें काय झालें पाहा, मडी संभाळा. सेतूलाही सांगितलें."

माझा सगळा राग कुठं गेला कळलं नाही. म्हातारा माणूस, त्याच्या डोळ्यांत बघवेना.

"त्यास दवाखान्यांत नेलें असतें, तर वांचला असता?" त्यांनी विचारलं.

मी फटकळ बाई. खोटं माझ्या जिभेवर येत नाही. पण तेव्हा आलं. "छे हो, अप्पाजी," मी म्हटलं, "तीस वर्षांपूर्वी कुठली आलीत असली ऑपरेशनं? कुणाच्या हातात नव्हतं ते."

"होतें," अप्पाजी म्हणाले. "दवाखाना होता. गोरा डॉक्टर होता. सुब्बण्णा स्वतःच म्हणाला, मज घेऊन चल. यजमानांनीं गाडी पण जोडून आणली. ब्राह्मण जेवत होते. मी त्यास म्हणालों, थोडा थांब."

मी बाकावर सरकून जागा केली. ते येऊन बसले, आणि दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून होतो.